विनोबा भावे : माणूस कोणाचा, जमीन कोणाची?



झल्लाकच्या आपल्या मराठी वर्गात मागे एकदा एका साध्या शब्दापाशी गाडी अडली. 'वाक्यात उपयोग करा' हा स्वाध्याय चालला होता आणि शब्द होता 'मालक'. एकाने लिहिले, घराचा मालक गावाला गेला. दुसऱ्याने लिहिले, बोटीचा मालक किनाऱ्यावर उभा आहे. तिसरीने लिहिले, माळीकाकांच्या मालकाने त्यांना सुट्टी दिली नाही. व्याकरणाने तिन्ही वाक्ये बरोबर, म्हणून मी तिन्हींवर बरोबरची खूण केली. तेवढ्यात वर्गातल्या सर्वांत धाकट्याने विचारले की घराला आणि बोटीला मालक असतो, तसा माणसालाही असतो का?

मला लगेच उत्तर देता आले नाही. आमच्या लहानपणी कोकणात बायका आपल्या नवऱ्यालाही मालकच म्हणत आणि त्यात कोणाला काही खटकत नसे. आज आपण ज्या बेटावर राहतो, तिथेही हा प्रश्न जुना आहे. तेल सापडण्यापूर्वी बहरीन जगत होते ते मोत्यांवर. पाणबुडे उन्हाळ्याचे चार महिने समुद्रात बुड्या मारीत. मोसमाआधी ते नाखुदाकडून उचल घेत. नाखुदा म्हणजे आपल्या अलिबागकडचा नाखवाच. ती उचल मोत्यांच्या हिशेबात सहसा फिटत नसे, आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर जाता येत नसे. १९२० नंतरच्या दशकात या धंद्यात सुधारणा झाल्या आणि हा वारशाचा बोजा उतरू लागला. तो पाणबुड्या कागदावर गुलाम नव्हता. तरी त्याचा श्वास, त्याचे हातपाय आणि त्याचा उद्याचा दिवस यांतले काहीच त्याचे नव्हते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी एका माणसाच्या चरित्रातून देणार आहे. हा माणूस आपल्याच कुलाबा जिल्ह्यात जन्मला. आज त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात.

आधी त्यांच्या विचाराचे कूळ पाहू. माणसावर माणसाची मालकी नको आणि सरकारचीही नको, असे मानणाऱ्या लोकांना युरोपात अराजकवादी म्हणू लागले. मराठीत अराजक म्हटले की दंगा, लुटालूट डोळ्यांपुढे येते. या लोकांना तसे काही नको होते. वरच्या हुकुमाने समाज चालतो, तसाच तो आपसातल्या संमतीने आणि मदतीनेही चालू शकतो, असे त्यांचे म्हणणे. फ्रान्सचा प्रूधाँ आणि रशियाचा क्रोपोटकिन ही त्यांतली मोठी नावे. आपल्या यहूदी समाजातली एमा गोल्डमन हीसुद्धा त्यांतलीच. तिचा जन्म १८६९ साली लिथुआनियातल्या कोव्हनो गावी झाला. अमेरिकेत जाऊन तिने कपड्यांच्या कारखान्यात काम केले. बाईच्या शरीरावर बाईचाच अधिकार, हे ती भर सभेत सांगे. मुले होऊ न देण्याचे उपाय जाहीरपणे सांगितले म्हणून १९१६ साली तिला तुरुंगात जावे लागले. पुढे अमेरिकेने तिला देशाबाहेर घालवले. ती रशियात गेली, आणि तिथल्या क्रांतीच्या सरकारनेही माणसांची तोंडे बंद केलेली पाहिल्यावर त्या सरकारवरही तिने टीका केली.

या विचाराच्या लोकांत एका ठिकाणी मात्र वाट फुटते. माझ्यावर मालकी माझी, हे सगळ्यांना मान्य. पण जमिनीचे काय? काही जण म्हणतात, मी आधी कुंपण घातले, म्हणून जमीन माझी. डाव्या बाजूचे म्हणतात, तसे कसे? माझी मेहनत माझी हे खरे, पण जमीन कोणी घडवलेली नाही, म्हणून ती सगळ्यांची. सगळी जमीन चार जणांनी वाटून घेतली, तर पाचव्याला स्वतःचा मालक म्हणण्यात अर्थ काय? पाय ठेवायला जागा हवी म्हणून तो कोणाचा तरी चाकर होणारच. अमेरिकेच्या हेन्री जॉर्जने १८७९ साली यावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे टॉलस्टॉयने उचलून धरले आणि टॉलस्टॉयला गांधीजी गुरुस्थानी मानीत. गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉयच्या नावाने आश्रम काढला. त्यासाठी सुमारे १,१०० एकर जमीन भाडे न घेता वापरायला दिली ती हर्मन कॅलनबाख यांनी. हे कॅलनबाख यहूदी होते, धंद्याने वास्तुशिल्पी. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिची आठवण होईल.

आता आपल्या माणसाकडे येऊ.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. पेणकर आडनावाची घरे आपल्यात आहेत आणि पेणला आपले सिनेगॉगही आहे, तेव्हा हा मुलूख परका नाही. भावे कुटुंब कोकणस्थ ब्राह्मणांचे. आई रखुमाबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण देवभोळ्या आणि मनाने मोकळ्या. घराच्या अंगणात फणसाचे झाड होते. पहिला फणस उतरला की मुलांना लगेच गरे मिळत नसत. आधी पानांवर वाटे करून ते शेजारीपाजारी पोचवायचे आणि मग घरच्यांनी खायचे. देणारा देवासारखा आणि साठवून ठेवणारा राक्षसासारखा, अशी त्या माउलीची सोपी शिकवण होती. एरवी स्वतःच्या अंगणातल्या झाडाचे पहिले फळ आपलेच, असे कोणीही म्हणेल. या घरात मुलांना उलटे शिकवले गेले, आणि पुढे सबंध देशात जे घडले त्याचे बी तिथे पडले, असे मला वाटते.

वडील बडोद्याला नोकरीत असल्याने कुटुंब तिकडे गेले. विनायक गणितात फार हुशार, पण चाकरीसाठी शिकायचे ही कल्पना त्याला सोसेना. एके दिवशी आईने पाहिले तर हा चुलीत कागद घालत होता. ती त्याची शाळेची प्रशस्तिपत्रके होती. आई म्हणाली, असू दे की, कधी उपयोगी पडतील. ज्याला नोकरी करायचीच नाही त्याला ती कशाला हवीत, असा त्याचा हिशेब. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीच्या वाटेला लागला. त्याच वर्षी गांधीजींच्या काशीतल्या भाषणाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला. त्याने पत्र लिहिले, उत्तर आले आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी आलेल्या तरुणाच्या हातातही सुरी दिली. या दोघांतल्या नात्याची सुरुवात भाजी चिरण्यापासून झाली.

मुलांना या ठिकाणी वाटेल की हा तर गांधीजींचा ताबेदार झाला, मग स्वातंत्र्य कुठे राहिले? विनोबांनी आश्रमातून वर्षाची रजा घेतली होती. वाईला प्रज्ञापाठशाळेत शिकले, गावोगाव पायी हिंडले, आणि ठरल्या दिवशी परत हजर झाले. आणायला कोणी गेले नव्हते. आपण दिलेला शब्द आपणच पाळायचा, हा ज्याचा त्याच्यावरचा ताबा. विनोबा स्वराज्य म्हणत ते याला. माझ्यावर दुसऱ्याचे राज्य नको, दुसऱ्यावर माझे नको, आणि माझ्यावर माझे हवे. यांतले तिसरे सुटले तर पहिले दोन टिकत नाहीत.

१९२१ साली ते वर्ध्याला आले, पुढे पवनारला धाम नदीकाठी राहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून काढली. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी निवडले ते विनोबांना. जवाहरलाल नेहरू दुसरे. दुसऱ्या महायुद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य, एवढीच त्या सत्याग्रहाची मागणी होती. मोर्चा नाही, गर्दी नाही. एकट्याने उभे राहायचे, बोलायचे आणि तुरुंगात जायचे. त्याच सुमारास त्यांनी 'स्वराज्य-शास्त्र' हे छोटे पुस्तक लिहिले. एकाचे राज्य, काहींचे राज्य आणि सर्वांचे राज्य असे भेद करून ते विचारतात की सर्वांचे राज्य खरोखर आले, तर राज्य करायला वेगळे कोण उरेल?

आता जमिनीकडे येऊ. आपल्या कोकणात जमिनीवर खोतांचा हक्क होता. पिकातला मोठा वाटा खोताच्या घरी जाई, शिवाय वेठबिगार होतीच. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते न कसता संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू कायदेमंडळात मांडली. आपले शनवार तेली पूर्वज त्याच गावांतून घाणे चालवीत होते. तेव्हा जमीन कोणाची, हा प्रश्न आपल्या घरांनीही जवळून पाहिला आहे.

तेलंगणात हाच प्रश्न हातघाईवर आला होता. जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांनी शस्त्रे उचलली, पलीकडून पोलीस आणि लष्कर आले, आणि मधल्या गावांची रात्रीची झोप गेली. १९५१ साली विनोबा त्या भागातून पायी निघाले. १८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत पोचले. तिथल्या दलित कुटुंबांनी त्यांना सांगितले की ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही कष्ट करून जगू. विनोबांच्या मनात पहिल्यांदा आले तेच आपल्याही मनात आले असते : सरकारकडे अर्ज करावा. पण मग त्यांनी समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की सरकारकडे न जाता तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. मागितले होते त्यापेक्षा वीस एकर जास्त.

विनोबांना त्या रात्री झोप आली नाही, असे ते पुढे सांगत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावोगाव जमीन मागायला सुरुवात केली. तेलंगणातल्या एक्कावन्न दिवसांत बारा हजारांहून अधिक एकर मिळाली. मग नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले, तर तिथेही ते चालतच गेले. तेरा वर्षे ते चालत राहिले. पाच मुलगे असलेल्या बापाला ते सांगत की मला सहावा मुलगा समजा आणि माझा वाटा गरिबाला द्या. म्हणून त्यांनी सहावा हिस्सा मागितला. सबंध देशासाठी हिशेब केला पाच कोटी एकरांचा. जमीन हवा-पाण्यासारखी देवाची आहे, म्हणून मी भीक मागत नाही, वाटा मागतो, असा त्यांचा सूर असे.

हे वाचताना आपल्याला तोराची आठवण होते. वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात योवेलचा नियम आहे. सात वेळा सात वर्षे मोजायची, पन्नासाव्या वर्षी योम किप्पूरला शोफर फुंकायचा आणि देशभर मुक्ती जाहीर करायची. विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. कर्जापायी दुसऱ्याच्या घरी राबणारा माणूस आपल्या माणसांकडे परत. कारणही तिथेच दिले आहे. जमीन देवाची, आपण तिच्यावर उपरे, म्हणून ती कायमची विकता येत नाही. माणसेही देवाची चाकर, मिसरमधून त्याने बाहेर काढलेली, म्हणून तीही विकता येत नाहीत. माणूस आणि जमीन एकाच शोफराने सुटतात. एकाला सोडून दुसरे सुटत नाही, हे मोशे रब्बेनूंच्या काळापासून आपल्याला ठाऊक होते. पोचमपल्लीत विनोबांना हेच दिसले. आणि कॅलनबाख यांनी एक्केचाळीस वर्षे आधी आपली जमीन गांधीजींच्या हवाली केली, तेव्हा त्यांच्या मनात हा अध्याय आला असेल का, असे मला राहून राहून वाटते.

पुढे विनोबा भूदानावरून ग्रामदानावर आले. १९५२ साली उत्तर प्रदेशातल्या मंगरोठ गावाने सगळीच जमीन देऊन टाकली. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाची, कसायचा हक्क शेतकऱ्याचा, आणि गावाचे निर्णय सर्वांच्या संमतीने. बहुमतानेही नाही, कारण एक्कावन्न जणांनी एकोणपन्नासांवर हुकूम चालवला तरी तो हुकूमच. इस्राएलमध्ये किबुत्झच्या लोकांनी असेच काही चालवले होते, आणि विनोबांचे सहकारी जयप्रकाश नारायण १९५८ साली तिथे जाऊन ते पाहूनही आले.

विनोबांची आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. भूदानाचे काम वाढले तशा जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या झाल्या, गांधी निधीतून पैसा येऊ लागला, कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. विनोबांच्या ध्यानात आले की सरकारला नको म्हणता म्हणता आपणच एक छोटे सरकार उभे केले आहे. तेव्हा त्यांनी समित्या मोडल्या आणि केंद्रीय निधीही सोडला. काम त्याने मंदावले, कार्यकर्ते पांगले. पण स्वतःच्या हातात आलेली सत्ता आपण होऊन खाली ठेवणारी माणसे आपण किती पाहिली आहेत? आपल्या सिनेगॉगच्या कमिटीत तरी?

१९५८ साली ते पंढरपूरला गेले. देवळाच्या दारात जातीवरून आणि धर्मावरून माणसे अडवण्याला त्यांचा विरोध होता. सोबत्यांना प्रवेश नसेल तर मलाही नको, असे ते म्हणत. असाच आग्रह धरला म्हणून १९५३ साली बिहारात देवघरला त्यांनी आणि सोबत्यांनी मार खाल्ला होता. पंढरपुरात मात्र अन्य धर्मांच्या सोबत्यांसह त्यांना विठ्ठलाच्या देवळात नेण्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथे शेती, छपाई, स्वयंपाक आणि अभ्यास सगळे बायकांच्या हातात. निर्णय एकमताने, आणि वर कोणी प्रमुख नाही. नवऱ्याला मालक म्हणणाऱ्या बायकांच्या देशात हा आश्रम निघाला.

इथवर चरित्र गोड झाले. पण वर्गात मी मुलांना अर्धी गोष्ट सांगत नाही.

भूदानात चाळीस लाखांहून अधिक एकर जमिनीचा संकल्प झाला. पण त्यातली बरीच जमीन खडकाळ, जंगलातली किंवा कोर्टात अडकलेली निघाली. निम्मीसुद्धा भूमिहीनांपर्यंत पोचली नाही. ग्रामदानाची कित्येक गावे कागदावरच राहिली. टाळ्यांच्या गजरात दिलेला शब्द सभा उठल्यावर विसरणारे लोक होतेच. योवेलला तारीख होती, शोफर होता. दात्याच्या मनाची वाट योवेल पाहत नव्हता. विनोबांनी सगळे मनावर सोडले. आता कोणी म्हणेल की कायदाच बरा. पण बारा वंश आपापल्या जागी राहिले नाहीत तसा योवेलही पाळायचा थांबला. नुसत्या कायद्याने भागले नाही, तसे नुसत्या मनानेही भागले नाही. पुढे खुद्द विनोबांनी १९७९ साली गोवधबंदीच्या कायद्यासाठी उपोषण केले. जन्मभर दंडशक्तीला नको म्हणणाऱ्याने शेवटी सरकारकडेच कायदा मागितला.

सर्वांत मोठी परीक्षा झाली ती १९७५ साली. डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले होते. जूनमध्ये आणीबाणी आली. जयप्रकाशांना, म्हणजे ज्यांनी भूदानाला आपले जीवन वाहिले त्यांच्याच सोबत्याला, अटक झाली. वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली. भेटायला आलेल्या पाहुण्यांपाशी विनोबांनी महाभारतातले एक नाव दाखवून सूचित केले : अनुशासन पर्व. सरकारने ते दोन शब्द उचलले आणि देशभर भिंतींवर रंगवले. नंतर विनोबांनी खुलासा केला की शासन राज्यकर्त्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, म्हणजे मला म्हणायचे होते ते वेगळे. पण तोवर रंग वाळला होता. लोक त्यांना सरकारी संत म्हणू लागले.

त्या भिंतींपैकी एक माझ्या शाळेची होती. १९७६ साली मी कुलाबा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षिका होते, नोकरीत नवी. प्रत्येक शिक्षकाने नसबंदीच्या केसेस आणाव्यात असा वरून आदेश आला, नाहीतर पगार अडेल. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण भीती आधीच अमलात आली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप मजुरी करी. मी त्याला शिबिरात घेऊन गेले. मी त्याला नीट समजावले असे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले. खरे सांगायचे तर मी माझा पगार वाचवला. कागदावर अंगठा उठवताना तो कागदाकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, कारण मी त्याच्या मुलाची बाई होते.

एमा गोल्डमनला अमेरिकेने तुरुंगात टाकले, कारण मुले कशी होऊ देऊ नयेत हे ती सांगत होती. आपल्याकडे मुले होऊ न देण्याची सक्ती झाली. वरवर पाहता दोन्ही उलट. आतला प्रश्न एकच : हे शरीर कोणाचे? सरकारचे उत्तर दोन्हीकडे सारखेच होते, आणि त्या दिवशी माझेही.

शेमोतमध्ये एक नियम आहे. सहा वर्षे राबलेला गुलाम सातव्या वर्षी सुटतो. पण सुटायचे नाही, मालकापाशीच राहायचे, असे तो म्हणाला तर त्याला दारापाशी नेऊन त्याचा कान टोचायचा. आपले विद्वान सांगतात, कानच का? तर देवाचे चाकर व्हा, चाकरांचे चाकर होऊ नका, हे सिनाय पर्वतापाशी ज्या कानाने ऐकले, त्याच कानाने ते विसरले म्हणून. मला कोणी दारापाशी नेले नव्हते. मी आपल्या पायांनी गेले.

म्हणून मी विनोबांना दोष देताना आवाज चढवत नाही. ते ऐंशी वर्षांचे होते, मी सव्वीस वर्षांची. हुकुमाला नको म्हणायचे ते सर्वांनी नको म्हणायच्या आधी, एकट्याने. १९४० साली विनोबांनी ते करून दाखवले होते. १९७५ साली त्यांचे मौन आणि ते दोन शब्द सत्तेच्या उपयोगी पडले. मोठ्या माणसाचे चरित्र वाचायचे ते दोन्हींसाठी.

नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे बंद केले. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, अनेकांनी विनवले, पण त्यांनी ऐकले नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना भारतरत्न हा किताब मरणोत्तर दिला गेला. त्यांचे असे जाणे आपल्या हलाखाला धरून नाही. आपण मानतो की शरीर ही देवाची ठेव आहे, ती जपायची, आपण होऊन परत करायची नाही. विनोबाही शरीराला आपली मालमत्ता म्हणत नसत. ते त्याला हत्यार म्हणत, आणि काम संपले की हत्यार खाली ठेवावे असे मानत. इथे आपली आणि त्यांची वाट वेगळी होते. पण दोघेही एक गोष्ट मानतो : शरीर देवाचे असो वा ज्याचे त्याचे, ते नाखुदाचे नाही, खोताचे नाही, नवऱ्याचे नाही आणि सरकारचेही नाही.

तर आता धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर. घराला मालक असतो, बोटीला असतो. माणसाला काम देणारा असतो, पगार देणारा असतो, मालक नसतो. पुढच्या शुक्रवारी मी तिसऱ्या वाक्यावरची बरोबरची खूण पुसली आणि ते वाक्य पुन्हा लिहायला सांगितले. त्या मुलीने थोडा वेळ पेन्सिल चावली आणि लिहिले : माळीकाकांनी सुट्टी मागितली, पण ती मिळाली नाही. व्याकरणात आपण शिकलो ना, वाक्यात काम करतो तो कर्ता? आधी कर्ता मालक होता. आता माळीकाका झाले. त्यांना सुट्टी अजून मिळालेली नाही, हेही वाक्यात राहिले. ते तसेच राहू दे, कारण ते खरे आहे.

घरचा अभ्यास असा : आजी-आजोबांना, किंवा गावाकडे फोन करून, विचारा की आपले घराणे कोकणातल्या कोणत्या गावचे, तिथली जमीन कोणाची होती, आणि ती कसणारे कोण होते. दहा ओळी लिहून आणा. आणि वडील मंडळींनो, मुले विचारतील तेव्हा अर्धी गोष्ट सांगू नका.